धैर्यशील भाऊजींची रायफल

निकाल आला तेव्हा सुलक्षणा शिंत्रे पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून एक गोळी शोधत होती. प्रयोगशाळेतली ही टाकी म्हणजे एक लांबलचक पोलादी हौद. संशयित बंदूक त्यात झाडायची, पाण्याने गोळीचा वेग मरतो, आणि अंगावर नवा ओरखडा न उमटता ती तळाशी जाऊन बसते. ती वर काढायला एक जाळी असते. ती फाटली होती आणि नवी मागवून दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. गोळ्या जुळवणारं कोट्यवधींचं यंत्र आलं, त्याच्यासाठी थंडगार खोली आली, खोलीला निळे दिवे आले, जाळी तेवढी आली नाही. त्यामुळे शस्त्रविभागाची सगळ्यात ज्येष्ठ तज्ज्ञ रोज बाही वर सारून मासे पकडल्यासारखी गोळ्या पकडत असे.

"खूणगाठ. निष्कर्ष तयार," भिंतीतून आवाज आला. यंत्राचं नाव खूणगाठ, आवाज बाईचा, आणि ही बाई कधीही दमत नसे. "वनरक्षक कोळेकर खून प्रकरण. गोळी जुळली. परवानाधारक शिंत्रे, धैर्यशील विश्वासराव. मुक्काम आंबेखिंड. आधार, नळीतल्या ताज्या खुणा. योगायोगाची शक्यता चार कोटींत एक."

सुलक्षणाचा हात पाण्यातच राहिला. धैर्यशील विश्वासराव शिंत्रे म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते भीतीचं काही नव्हतं. 'आता या माणसाने आणखी काय करून ठेवलं!' एवढंच आलं. कारण भाऊजींनी आजवर पुष्कळ काही करून ठेवलेलं होतं. पोल्ट्री काढून बुडवली होती, ग्रामपंचायतीला उभे राहून घरची मतंही मिळवली नव्हती, आणि 'गव्याला एका गोळीत पाडला' ही कथा ते गेली दहा वर्षं दरवेळी गवा थोडा मोठा करून सांगत होते. पण माणूस मारणं? ज्याला कोंबडी कापताना घराबाहेर जाऊन उभं राहावं लागतं, तो माणूस?

तिने हात पुसेपर्यंत उशीर झाला होता. नव्या नियमाप्रमाणे खूणगाठीचा निष्कर्ष प्रयोगशाळा, पोलीस ठाणं आणि न्यायालय या तिघांकडे एकाच क्षणी जात असे, मधे कुणी माणसाने हात घालू नये म्हणून. आंबेखिंड ठाण्याची जीप निघालीसुद्धा होती.

संचालक पाटणकरांनी तिला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा कुणाच्या तरी बाराव्याला आल्यासारखा होता. पाटणकर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, सभ्य, आणि यंत्राबद्दल बोलताना नव्या जावयाबद्दल बोलल्यासारखे बोलत.

"मॅडम, या प्रकरणातून तुम्ही बाहेर. नात्याचा नियम आहे."

"कळतं मला."

"निखतकडे दिलंय. तिच्याशी याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर तिचा अहवाल रद्द होईल आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. मला ते करायला लावू नका."

निखत मुजावर म्हणजे सुलक्षणानेच हाताखाली तयार केलेली पोर. तिची सही झाली की संपलं. दोन वर्षांपूर्वीच्या कायद्यानुसार खूणगाठीची जुळणी आणि खाली तज्ज्ञाची सही, एवढं असलं की जामीन नाही आणि शिक्षा जवळजवळ ठरलेली.

"आणि तिने सही नाही केली तर?"

"का नाही करणार? चार कोटींत एक आहे, मॅडम."

"हे चार कोटी कुणी मोजले?"

"यंत्राने," पाटणकर म्हणाले. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगण्याचा सूर होता.

चार कोटी कसे मोजतात हे सुलक्षणाला ठाऊक होतं, म्हणूनच तिचं डोकं फिरलं. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. या खाचा कारखान्यात पोलादी हत्याराने कापतात. कापता कापता हत्याराची धार झिजते, म्हणून कुठल्याही दोन नळ्या आतून अगदी सारख्या नसतात. गोळी नळीतून घासत जाते तेव्हा तिथले बारीक ओरखडे अंगावर घेऊन बाहेर पडते. पूर्वी सुलक्षणासारखी माणसं दोन गोळ्या जोडसूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून, एकीवरच्या रेघा दुसरीवरच्या रेघांना भिडतात का ते डोळ्यांनी पाहत. खूणगाठ पाहत नसे, मोजत असे. गोळीच्या अंगावरची प्रत्येक उंची, प्रत्येक खोली ती केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायची आणि राज्यातल्या प्रत्येक परवान्याच्या रायफलीच्या नमुन्याशी ताडून पाहायची.

नमुने मिळवणं सोपं होतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, ही जुनीच रीत. गेल्या निवडणुकीत प्रयोगशाळेची गाडी ठाण्याठाण्याला फिरली, जमा झालेल्या प्रत्येक बंदुकीची एकेक गोळी झाडून घेतली आणि नोंद केली.

शिवाय खूणगाठीला एक जास्तीची अक्कल होती. नळी वापरून झिजते, जुन्या खुणा पुसट होतात, नव्या उमटतात. तेव्हा ती ताज्या खुणांना गुण जास्त द्यायची आणि जुन्यांना कमी. यात चूक काही नव्हती. फक्त चार कोटींचा तो आकडा एका गोष्टीवर उभा होता : प्रत्येक नळीवरचे ओरखडे तिचे तिचे, दुसरीशी संबंध नसलेले. हे गृहीत धरलेलं होतं, तपासलेलं नव्हतं. सुलक्षणाने हे तीन बैठकांत सांगितलं होतं. तिन्ही बैठकांत चहा आला आणि विषय संपला.

घरी सोफ्यावर आत्याबाई बसल्या होत्या. सुलक्षणाच्या या सासूबाई आंबेखिंडहून दुपारच्या गाडीने निघून, पदर कमरेला खोचून, भांडायच्याच तयारीने आल्या होत्या. शेजारी अरविंद, म्हणजे सुलक्षणाचा नवरा, आईला पाण्याचा पेला पुढे करत होता. कॉलेजात इतिहास शिकवणारा हा माणूस घरातल्या लढायांत मात्र कायम तहाच्या बाजूचा.

"तुझ्याच हापिसातनं नाव आलं म्हनं," आत्याबाईंनी सुरुवात केली.

"यंत्राने दिलं, आत्याबाई."

"मग यंत्राला सांगायचं की, त्यो माझा दीर हाय म्हणून."

"आई, असं नसतं गं," अरविंद म्हणाला.

"तू गप. सख्खा भाऊ आत बसलाय आन् तू पानी पाजतोयस मला." त्या पुन्हा सुनेकडे वळल्या. "एवढी शिकलीस, एवढी बंदुकीतली म्हनं तज्ज्ञ. आमी गावभर सांगत हुतो. काय उपेग झाला त्याचा? परक्याची पोरं सोडिवतीस आन् घरचं?"

"मी कुणाला सोडवत नाही आणि अडकवतही नाही. गोळी काय सांगते ते मी सांगते."

"मग गोळी खोटं बोलतीया."

सुलक्षणाने कपाळाला हात लावला. दिवसभरात एवढं एकच वाक्य तिला पटण्यासारखं वाटलं, आणि ते बोलायची तिला कायद्याने बंदी होती.

आंबेखिंडचं ठाणं म्हणजे तीन खोल्या आणि एक पिंपळ. नातेवाईक म्हणून आरोपीला भेटायची परवानगी होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुलक्षणा तिथे गेली. भाऊजी गजांमागे मांडी घालून बसले होते आणि बाहेरच्या शिपायाला गव्याची गोष्ट सांगत होते.

"वहिनी! आलात? मला वाटलंच."

"भाऊजी, त्या कोळेकराला आडवा करीन असं टपरीवर म्हणाला होतात?"

"म्हणालो की. समदेच म्हणत्यात. डुकरांनी ऊस फस्त केला, आन् मी नुसता बार काढला तर ह्यो गडी मलाच दंड लावतोय."

"आणि फौजदारांना काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. मी मारला न्हाई. मी मारला असता तर पयल्या गोळीत मारला असता. त्याला तर दोन बसल्यात म्हनं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हे या माणसाच्या बाबतीत नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, तो त्याचा पिंडच होता. सुलक्षणाने डोळे मिटले, उघडले. भाऊजी तिथेच होते.

"निवडणुकीनंतर रायफल परत मिळाली. त्यानंतर किती वेळा झाडलीत?"

"लई येळा."

"भाऊजी."

"...धा-बारा येळा तरी."

"भाऊजी, मी तुमची वहिनी आहे, टपरी नाही."

धैर्यशील भाऊजींनी शिपाई लांब गेल्याची खात्री केली. मग गजांना तोंड लावून ते कुजबुजले, "एकदाबी न्हाई. घेतल्यापासनं दोनदाच झाडली. तो बारबी पाण्याच्या पायपीनं काढला हुता, कॅल्शियम कार्बाईडचा. रायफलीचा आवाज सोसत न्हाई मला, वहिनी. कान वाजत्यात चार चार दिस. कुणाला सांगू नगा."

"आणि नळी? ती घासून साफ केलीत कधी?"

"हवालदारांनीच करून दिली न्हवं का. मी खोळीतनं भाईर काढली न्हाई."

 खूणगाठ म्हणाली होती, आधार ताज्या खुणांचा. ज्या नळीतून नमुन्याची एक गोळी सोडली तर गेल्या कित्येक वर्षांत गोळीच गेली नाही, तिच्यात ताज्या खुणा आल्या कुठून?

शस्त्रांच्या खोलीचा ताबा हवालदार कुंभोजकरांकडे होता. निवृत्तीला आलेले, मिशा पांढऱ्या, बूट असे चकचकीत की त्यात तोंड दिसावं. सुलक्षणाने विचारायच्या आधीच ते सांगू लागले.

"दिराची रायफल बघितली का, म्याडम? आतनं आरशागत हाय! गेल्या वर्षी आचारसंहितेत दसरा आला. चाळीस रायफली हितं पडून. आता खंडेनवमीला शस्त्र गंजकं ठेवायचं म्हंजे पाप न्हवं का? मालकांना पूजेला नेता येत न्हाई, मग मीच म्हणलं, आपुन करू. एकूणएक नळी घासली. हळदकुकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. आन् योग बघा, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमची गाडी आली गोळ्या झाडून घ्यायला. साहेब म्हणलं, असलं स्वच्छ ठाणं बघितलं न्हाई."

"कशाने घासल्यात?"

कुंभोजकरांनी खुंटीवरून एक लांब गज काढला आणि लेकराला दाखवावं तसा दोन्ही हातांवर धरला. "सरकारी गज मऊ पितळंचा, त्येनं गंज हलत न्हाई. ह्यो मी लोहाराकडनं करून घेतला. टोकाला जुनी कानस कातून बसवलीया. आन् मूठ बघा, सायकलीच्या बेरिंगवर फिरती. म्हंजे आत ढकलला की पिळाबरुबर आपोआप फिरत जातो. एक कोपरा सुटत न्हाई."

सुलक्षणाने टोकावरून बोट फिरवलं. कानशीचे दात बोटाला लागले. नळीपेक्षा कठीण पोलाद, त्याचे ठरावीक दात, आणि पिळाच्या खाचेतून नेमकं फिरत जाणारी मूठ. एकाच हत्याराने सगळ्या नळ्यांवर सारख्या रेघा ओढणं कारखान्यांनाही जमत नाही. कुंभोजकरांनी तेच काम चाळीस नळ्यांत भक्तिभावाने करून ठेवलं होतं. दसऱ्याला या चाळीस रायफली जुळ्या बहिणी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सरकारने येऊन त्यांचे ठसे घेतले. खूणगाठ ज्यांना त्या त्या बंदुकीच्या ताज्या खुणा समजत होती त्या सगळ्या या एका कानशीच्या होत्या. गोळी चाळीसांपैकी कुठल्याही रायफलीतून सुटली असली, तरी यंत्र त्यांतली केसभर सरस एक उचलणार आणि चार कोटींची शपथ घेणार.

ती बाकावर बसली. हवालदारांनी काळजीने पाणी आणून दिलं.

आता हे सांगायचं कुणाला? निखतला सांगितलं तर गुन्हा. पाटणकरांना सांगितलं तर ते म्हणणार, दिरासाठी वहिनीने गोष्ट रचली; आणि न्यायालयात सरकारी वकीलही हेच म्हणणार. तिच्या तोंडून निघालेलं खरं, केवळ तिच्या तोंडून निघालं म्हणून खोटं ठरणार होतं. एका वाटेने मात्र तिला कुणी अडवू शकत नव्हतं, पण ती वाट तिच्या स्वतःच्याच एका सहीवरून जात होती.

आंबेखिंड ठाण्याच्याच हद्दीत जानेवारीत अश्विनी हुजरे नावाची बाई राहत्या घरात गोळी लागून मेली होती. नवरा विक्रम हुजरे, परवान्याची रायफल त्याच्याकडे. तो म्हणत होता, खिडकीतून कुणी तरी मारलं. अश्विनीने मरायच्या आधी आईला फोन करून 'आई, यानं बंदूक काढलीया' एवढं सांगितलं होतं. पण ते ऐकलं होतं एकट्या आईनेच. शेजाऱ्यांपैकी कुणी काही पाहिलं नव्हतं. हुजरेच्या गावात कुणी काही पाहतच नाही. पुरावा एकच, खूणगाठीची जुळणी. तिच्याखाली सही सुलक्षणाची. हुजरे आत होता, आणि तोच खुनी आहे याबद्दल सुलक्षणाच्या मनात आजही तीळमात्र शंका नव्हती.

आपण सही केलेल्या प्रकरणात फेरतपासणी मागायचा हक्क प्रत्येक तज्ज्ञाला होता. तिथे नात्याचा नियम आड येत नव्हता. तिथे गजाची गोष्ट सिद्ध झाली की ती आंबेखिंडच्या प्रत्येक रायफलीला लागू होणार, भाऊजींच्याही. आणि हुजरेच्याही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तिने दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत आत्याबाई तिच्याशी बोलल्या नाहीत, अरविंद दोघींशी हळू आवाजात बोलला, आणि चहा प्रत्येकाने आपापला करून घेतला. तिसऱ्या दिवशी तिने अर्ज दिला.

अर्जाची नोटीस फिर्यादीला जाते. फिर्यादी म्हणजे अश्विनीची आई, शालन लोहार. ती दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसली. पन्नाशीची, काटक, कुणाला फारसं न विचारता पोचलेली.

"बाई, सही तुमीच केली हुती न्हवं?"

"मीच केली होती."

"मग आता?"

"मला शंका आलीय."

"मला न्हाई आली," शालन म्हणाली.

सुलक्षणाने तिला सगळं समजावून सांगितलं. गज, कानस, चाळीस नळ्या. शालन लोहाराच्याच घरातली, कानशीचे दात तिला कुणी शिकवायला नको होते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हंजे गोळी कुणाच्या बंदुकीतली ते सांगता यायचं न्हाई?"

"नाही."

"आन् हे तुमाला आता कळालं."

"हो, आत्ताच कळलं."

 शालन उठली आणि फाटकाबाहेर गेली. सुलक्षणाला वाटलं, ती शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं.

फेरतपासणी शस्त्रविभागातच झाली. पाटणकर, सरकारी वकील, हुजरेचा वकील, आणि गज हातात घेऊन कडक इस्त्रीत आलेले कुंभोजकर. विभागातली म्हणून निखतही एका कोपऱ्यात उभी होती. तिने सुलक्षणाकडे पाहिलं नाही आणि सुलक्षणानेही तिच्याकडे पाहायचं टाळलं.

सुलक्षणाने कपाटातून एक रायफल काढली. कारखान्यातून थेट आलेली, नमुन्यासाठी ठेवलेली, कागदोपत्री संचालकांच्या नावावरची, या इमारतीबाहेर कधी न गेलेली. ती टाकीत झाडली, बाही वर करून गोळी काढली आणि अश्विनीच्या गोळीशी ताडायला यंत्रात ठेवली.

"जुळणी नाही," खूणगाठ म्हणाली.

"आता हवालदारसाहेब, ही तुमच्या पद्धतीने स्वच्छ करा."

कुंभोजकर खुलले. त्यांनी गजाला तेल लावलं, नळीला नमस्कार केला आणि एका लयीत घासू लागले. मूठ सुरेख फिरत होती. काम झाल्यावर त्यांनी नळी उजेडाकडे धरून सगळ्यांना आळीपाळीने दाखवली. सरकारी वकिलांनी "वा" असंही म्हटलं.

दुसरी गोळी झाडली. सुलक्षणाने पुन्हा पाण्यात हात घातला.

"खूणगाठ. निष्कर्ष तयार. अश्विनी हुजरे खून प्रकरण. गोळी जुळली. परवानाधारक, संचालक, विभागीय प्रयोगशाळा. योगायोगाची शक्यता तीन कोटींत एक."

कुणी काही बोलायच्या आत पाटणकरांचा फोन वाजला. निष्कर्ष नियमाप्रमाणे त्याच क्षणी ठाण्यालाही पोचला होता. आंबेखिंडचे फौजदार पलीकडून मोठ्या अदबीने विचारत होते, की साहेब स्वतःहून हजर होणार का जीप पाठवू.

"अहो, ती कपाटातली रायफल आहे!" पाटणकर ओरडले. "यंत्राची चूक आहे ही!"

 आपण काय बोलून गेलो ते पाटणकरांना जरा उशिरा कळलं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सुलक्षणाशी बोलताना त्यांचे शब्द अडखळले. "मॅडम, आपण... सुधारित आवृत्ती मागवता येईल."

"आधी जाळी मागवा," सुलक्षणा म्हणाली. ती इतकी वैतागली होती की तिला जिंकल्याचा आनंदसुद्धा होईना.

कुंभोजकर गज छातीशी धरून उभे होते. "म्हंजे म्याडम, मी... माझ्यामुळं?"

त्यांना झाडायची वाक्यं ती गेले कित्येक दिवस मनात घोटत होती. त्यातलं एकही बाहेर पडेना. "तुम्ही बंदुका पुसल्यात, हवालदार," ती म्हणाली. "बाकी सगळं आम्ही केलं."

त्यानंतरचं काम निखतने आपण होऊन केलं. कोपऱ्यातला जुना जोडसूक्ष्मदर्शक तिने झटकून घेतला. वनरक्षक कोळेकरांच्या अंगातली एक गोळी धड होती. कानशीच्या रेघा वगळून त्यांच्याखालच्या, कारखान्याच्या जुन्या खुणा तिने डोळ्यांनी ताडून पाहिल्या. त्या भाऊजींच्या रायफलीच्या नव्हत्या. तिने सही नाकारली. कोळेकरांना कुणी मारलं ते शोधायला पोलिसांना पुन्हा पायी हिंडावं लागलं, आणि वैशाख सरत आला तरी ते हिंडतच होते.

अश्विनीची गोळी मात्र हाडावर आपटून फुटली होती. तिचा एकच पट्टा शाबूत होता, आणि त्या पट्ट्यावर कानशीच्या दातांखेरीज काही नव्हतं. निखतने आठवडाभर पाहिली. सुलक्षणाने तिच्यानंतर पाहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहिली, तरीही काही निघालं नाही.

आंबेखिंडची सगळी प्रकरणं एकाच दिवशी न्यायालयापुढे आली. आधी भाऊजी सुटले. मग अर्ध्या तासाने विक्रम हुजरे सुटला.

बाहेरच्या व्हरांड्यात भाऊजींच्या गळ्यात हार होता. आत्याबाईंनी सुनेच्या तोंडावरून बोटं उतरवून कानशिलांवर मोडली. एवढ्या दिवसांनी त्या हसत होत्या. अरविंदने पेढे आणले होते. "चार कोटींत एक!" भाऊजी जमलेल्यांना सांगत होते. "राज्यात असा गडी एकच, मशीनच बोललं!" सुलक्षणाला हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला राग आला, कारण खांबाजवळ शालन उभी होती.

सुलक्षणा तिच्यापाशी गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"माझ्या लेकीला कुणी मारलं?" शालनने विचारलं.

सिद्ध न झालेलं वाक्य सुलक्षणाने नोकरीत कधी तोंडातून काढलं नव्हतं. "त्यानंच मारलं," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मला ते दाखवता येत नाही."

"तुमचा दीर आत गेला नसता, तर तुमी त्या ठाण्यात गेला असता?"

विज्ञान, न्याय, उद्या कुणी तरी हे शोधलंच असतं, अशी पुष्कळ उत्तरं होती आणि त्यातली बरीचशी खरीही होती. सुलक्षणा म्हणाली, "नसते गेले."

शालनने मान हलवली. तिला तेवढंच हवं होतं असं दिसलं. तिने पदर सारखा केला आणि जिन्याकडे निघाली. तेव्हा सुलक्षणाच्या लक्षात आलं, की आंबेखिंडला आता दुपारची एकच एस.टी. उरली आहे, आणि हुजरेही तिनेच जाणार.

"शालनताई, थांबा. आमची जीप आहे. माझे दीर सोडतील तुम्हाला." ती मागे वळून जवळजवळ ओरडलीच, "भाऊजी, हार काढा तो! यांना घरी सोडून या."

भाऊजींनी निमूटपणे हार काढला.

"नगं," शालन म्हणाली. "मी एश्टीनंच जातो. त्याच्या म्होरल्या शिटावर बसतो. समद्या गावाला बी दिसू दे आन् त्याला बी दिसू दे, मी हाय म्हणून."

आणि ती कठडा धरून, एकेक पायरी पाहत, खाली उतरून गेली.